रीळ, खळ आणि वाढीचं गणित : पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या धंद्यावर वाचकांचे प्रश्न

कोरुगेटेड बॉक्स, म्हणजे बोलीभाषेत पुठ्ठ्याची खोकी, बनवणाऱ्या आणि विकत घेणाऱ्या नाशिककर वाचकांकडून बरेच प्रश्न आले. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांतले सात इथे घेतले आहेत. उत्तरं या कामातल्या जाणकारांनी दिली आहेत. दोन शब्द आधी : बोर्डातल्या प्रत्येक कागदी थराला प्लाय म्हणतात; त्यांतला सपाट थर म्हणजे लायनर, नागमोडी थर म्हणजे फ्लूट. हिशेबाचे आकडे समजण्यासाठी आहेत. आपल्या कारखान्याचे आकडे घालून ते पुन्हा मांडावेत.

प्रश्न (अंबड) : आमच्याकडे एक सिंगल फेसर (कागद नागमोडी करून लायनरला चिकटवणारं मशीन), एक पेस्टिंग मशीन (हे थर एकमेकांवर चिकटवणारं), रोटरी (कापून घडीच्या रेघा मारणारं), दोन स्लॉटर (पाकळ्यांच्या खाचा कापणारे) आणि चार स्टिचिंग मशीन (तारेने जोड शिवणारे) आहेत. महिन्याला साधारण ६० टन कागद लागतो. मागणी वाढते आहे आणि बँक कर्ज द्यायला तयार आहे. ऑटोमॅटिक लाइन, म्हणजे रिळापासून तयार बोर्ड सलग काढणारी यंत्रमाला, घ्यावी का?

बँक तयार आहे ही गोष्ट क्षणभर बाजूला ठेवा आणि एक गुणाकार करा. संथ समजली जाणारी लाइन धरू : रुंदी १.६ मीटर, वेग मिनिटाला १०० मीटर. म्हणजे मिनिटाला १६० चौरस मीटर बोर्ड. पाच प्लायचा बोर्ड चौरस मीटरला पाऊण किलो धरला तर मिनिटाला १२० किलो, तासाला ७.२ टन. आठ तासांच्या पाळीतला निम्मा वेळ रीळ बदलणं, साइज बदलणं आणि बिघाड यांत गेला, तरी पाळीला २८-२९ टन निघतात. तुमचा महिन्याचा माल ही लाइन दोन-सव्वादोन पाळ्यांत गिळेल. पुढचे तेवीस दिवस कर्जाचा हप्ता तेवढा चालू राहील.

आणि एवढा बोर्ड निघाला तरी त्याची खोकी कोण करणार? दोन स्लॉटर आणि चार स्टिचिंग मशीनसमोर शीटचा डोंगर होईल.

खोक्यांचा कारखाना वाढताना दर टप्प्यावर वेगळ्या ठिकाणी अडतो. बाहेरून शीट आणून खोकी करणारा आधी स्टिचिंगला अडतो. स्वतःचा सिंगल फेसर लावला की पेस्टिंग आणि वाळवणीला अडतो. ते सुटलं की छपाई आणि स्लॉटिंगला. त्यामुळे कुठलंही मशीन घेण्याआधी पंधरा दिवस रोज संध्याकाळी सहा वाजता शेडमध्ये एक फेरी मारा आणि कुठल्या मशीनच्या अलीकडे थप्पी साठली आहे ते वहीत लिहा. थप्पी स्लॉटरच्या अलीकडे असेल तर पहिला पैसा फ्लेक्सो प्रिंटर-स्लॉटरवर घाला. छपाई, क्रीजिंग (घडीच्या रेघा) आणि स्लॉटिंग एकाच फेऱ्यात होतं आणि शीट तीनदा उचलावी लागत नाही. थप्पी स्टिचिंगच्या अलीकडे असेल तर फोल्डर-ग्लुअरचा (घडी घालून जोड चिकटवणाऱ्या मशीनचा) विचार करा. थप्पी पेस्टिंगच्या पुढे, ओल्या बोर्डाची असेल, तर दुखणं मशीनचं नसून खळीचं आहे. ते पुढच्या उत्तरात येईल.

दुसरी अडचण ऑर्डरच्या आकाराची. सातपूर-अंबडमधले सुटे भाग बनवणारे ग्राहक तीनशे-पाचशे नगांच्या ऑर्डरी देतात आणि साइज मात्र चाळीस प्रकारच्या. लाइनला लांब धाव लागते, शिवाय रुंदी भरावी लागते. समजा शीटची रुंदी ५८० मिमी आहे. १६०० मिमीमध्ये अशा दोन बसतात, ११६० मिमी जातात. उरलेल्या ४४० मिमीत त्याच कागदाची, त्याच वेळी हवी असलेली दुसरी ऑर्डर मिळाली तर ठीक. नाहीतर अरुंद रीळ लावा आणि मशीनची चौथाई रुंदी रिकामी पळवा. डेकल (रिळाची रुंदी) जुळवणं ही लाइनवाल्यांची रोजची डोकेदुखी आहे, आणि चार-पाच ग्राहकांच्या जोरावर ते जुळत नाही.

जागेचंही बघा. पाच प्लायची पूर्ण लाइन ७०-८० मीटर किंवा त्याहून लांब जाते. हजार चौरस मीटरच्या प्लॉटमध्ये ती आडवीही बसत नाही आणि तिरकीही. सोबत वाफेसाठी बॉयलर आला, म्हणजे बाष्पके संचालनालयाची नोंदणी, ठरलेल्या मुदतीतली तपासणी आणि परवानाधारक अटेंडंट आला. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतिपत्रही बदलून घ्यावं लागतं.

आमचं मत सांगायचं तर महिन्याला तीनशे टनांची खात्रीची मागणी हातात येईपर्यंत लाइनच्या वाटेला जाऊ नये. मधला रस्ता आहे : जास्त खपाच्या पाच-सहा साइजची शीट एखाद्या लाइनवाल्याकडून तयार घ्या, बारीकसारीक ऑर्डरी आपल्या सिंगल फेसरवर ठेवा आणि पैसा छपाई-स्लॉटिंगवर घाला. शीटच्या दरात लाइनवाल्याचा नफा जातो, हे खरं. पण त्याच्या कर्जाचं व्याज तुम्ही भरत नाही.

त्याआधी फुकटातलं काम एक आहे. कागदाचे प्रकार मोजा. पाच जीएसएम-बीएफ (जीएसएम म्हणजे चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, बीएफ म्हणजे बर्स्ट फॅक्टर, कागदाच्या न फुटण्याच्या ताकदीचं माप) आणि प्रत्येकी सहा डेकल ठेवले तर तीस प्रकार झाले. प्रत्येकाचं एक चालू आणि एक राखीव रीळ, सरासरी ६०० किलोचं, म्हणजे ३६ टन कागद कायम गोदामात. महिन्याचा वापर ६० टन आणि अडकलेला ३६! डेकल सहावरून चारवर आणले तर २४ टनांवर येतो. थोडी कात्रण वाढेल, पण पैसा मोकळा होईल. कात्रणीचा हिशेबही मशीनच्या ऑपरेटरला विचारू नका. महिन्याला दिलेला कागद वजा बाहेर गेलेल्या खोक्यांचं वजन, एवढाच आकडा खरा. ६० टनांवर एक टक्का म्हणजे ६०० किलो. आणि रद्दीवाल्याने दिलेली रक्कम कृपया नफ्यात धरू नका. तो तुमचाच कागद आहे, पडत्या भावाने विकलेला.

प्रश्न (मुसळगाव, सिन्नर) : पावसाळ्यात बोर्डाचे प्लाय सुटतात. उरलेल्या दिवसांत शीट पापडासारखी वळते. गमचा ब्रँड दोनदा बदलला, फरक नाही.

ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि दोन्हींत ब्रँडचा दोष क्वचितच असतो.

सुटलेल्या बोर्डाचा तुकडा हातात घेऊन लायनर सावकाश ओढा आणि फ्लूटच्या टोकांकडे पाहा. कागदाचे तंतू उपटून येत असतील तर चिकटणं चांगलं आहे, कागद कमकुवत आहे. टोकांवर चकचकीत, गुळगुळीत रेघ दिसली आणि तंतू नसतील तर खळ जोड बसण्याआधीच सुकली, किंवा दाब पडला नाही. पांढरी, भुकटीसारखी रेघ दिसली तर स्टार्च शिजलंच नाही : उष्णता कमी किंवा वेग जास्त. रेघच नसेल तर गम रोलची फट किंवा ट्रेमधली पातळी तपासा. शंका असेल तर आयोडीनचं पातळ द्रावण लावा. स्टार्चच्या रेघा निळ्या-काळ्या उमटतात. रद्दीपासून केलेल्या क्राफ्टच्या (खोक्यांच्या तपकिरी कागदाच्या) पृष्ठभागावरही स्टार्च असतं, त्यामुळे सगळाच कागद थोडा निळसर होईल. त्यातल्या गडद रेघा बघायच्या, त्या एकसारख्या रुंदीच्या आणि न तुटणाऱ्या हव्यात.

आता पाण्याचा हिशेब. पेस्टिंगला एका जोडरेघेसाठी (दोन थरांमधल्या एका चिकटलेल्या जोडासाठी) चौरस मीटरला ७ ग्रॅम कोरडी खळ धरा. एक किलो पावडरला पाच लिटर पाणी असेल तर त्या ७ ग्रॅमसोबत ३५ ग्रॅम पाणी जातं. पाच प्लायमध्ये पेस्टिंगच्या दोन जोडरेघा, म्हणजे ७० ग्रॅम. साडेसातशे ग्रॅमच्या बोर्डात आठ टक्के ओल आधीच होती. ती एका फटक्यात सोळा टक्क्यांच्या आसपास जाते. उन्हाळ्यात हे पाणी रात्रीतून उडून जातं. जुलैत इगतपुरीकडून येणारी हवाच ओलीचिंब असते, पाणी जाणार कुठे?

आणि नेमकं त्याच दिवसांत दुपारनंतर खळ घट्ट वाटली की टाकीत मगभर पाणी ओतलं जातं. काम हलकं होतं आणि संध्याकाळचा सगळा बोर्ड सुटतो. यावर उपाय एकच : तळाला भोक असलेला मोजपेला. पेला रिकामा व्हायला किती सेकंद लागतात ते चांगल्या दिवशी मोजून ठेवा आणि दर दोन तासांनी फळ्यावर लिहायला लावा. सेकंद घटले तर कुणीतरी पाणी घातलं, किंवा खळ आंबली. पावसाळ्यात उरलेली खळ रात्रभरात आंबते आणि पातळ होते. आदल्या दिवसाची खळ नव्या खळीत ओतू नका, टाकी आणि ट्रे रोज धुवा.

वाफेच्या सिंगल फेसरवर कच्च्या स्टार्चची खळ करणाऱ्यांसाठी सुरुवातीचा ठोकताळा असा : एकूण ५०० लिटर पाणी, १२५ किलो मक्याचं स्टार्च. त्यातलं २० किलो स्टार्च सुमारे १२० लिटर पाण्यात कॉस्टिक सोड्यासोबत आधी शिजवायचं. कॉस्टिक एकूण स्टार्चच्या अडीच टक्के, म्हणजे ३ किलोच्या जरा वर. उरलेलं स्टार्च उरलेल्या पाण्यात कच्चंच ठेवायचं, त्यात बोरॅक्स अडीच किलो, आणि शिजवलेला भाग त्यात हळूहळू सोडायचा. खळ ५८ ते ६२ अंशांना घट्ट व्हायला हवी. कॉस्टिक जास्त झालं तर ही मर्यादा खाली येते आणि खळ टाकीतच धरते. कमी पडलं तर मशीनवर शिजत नाही. कॉस्टिक नेहमी पाण्यात टाकायचं, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही. चष्मा आणि हातमोजे घालूनच.

रिळांचंही सांगायला हवं. उघड्या कोब्यावर उभं केलेलं रीळ खालून ओल ओढतं. वरचा काठ सात टक्के आणि खालचा बारा. त्या रिळाचा एक काठ कायम सुटणार. लाकडी फळ्या घाला. कागद आला की ओलमापक लावा. ७ ते ९ टक्के चांगली, १० च्या वर गेलेलं रीळ बाजूला ठेवा.

वळण्याचं कारण सोपं आहे. जो लायनर जास्त ओला होतो तो वाळताना जास्त आकसतो आणि शीट त्याच्या बाजूला वळते. कडा वर उचलल्या असतील तर वरचा लायनर जास्त ओला होता. त्याला आधी गरम करा किंवा त्या बाजूची खळ कमी करा. हाताने पेस्टिंग करणाऱ्यांनी शीट एकाआड एक उलटी रचून, वर वजन ठेवून १२ ते २४ तास द्यावेत. ओल्या शीटवर क्रीज मारली तर फ्लूट चेंबतात. उलट एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ओल ५ टक्क्यांच्या खाली गेली की क्रीजवर लायनर फाटतो. तेव्हा शेडमध्ये पाणी मारणारे मुकादम चुकत नसतात.

प्रश्न (पिंपळगाव बसवंत) : द्राक्षांची ५ किलोची पेटी, ४०० × ३०० मिमी. कोल्ड स्टोरेजला पॅलेटवर १६ थर लावतो. खालचे दोन थर दबतात. पुरवठादार म्हणतो, बर्स्टिंग बरोबर आहे.

पुरवठादार खोटं बोलत नसेल. बर्स्टिंग म्हणजे कागद फुटायला लागणारा दाब. पेटी रचल्यावर किती वजन पेलेल हे त्यावरून कळत नाही. तुम्ही चुकीचा आकडा विचारला आहे.

खालच्या पेटीवर १५ पेट्या. माल, पनेट (फळांचे छोटे डबे), पॅड आणि पेटी धरून एक पेटी ५.६ किलोची, म्हणजे ८४ किलो. मग ८४ किलो पेलणारी पेटी पुरेल? नाही. द्राक्षाच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ०-१ अंश तापमान आणि ९० टक्क्यांच्या वर आर्द्रता असते. त्यात बोर्डाची ताकद साधारण निम्म्यावर येते. महिनाभर वजन डोक्यावर राहिलं की पुठ्ठा थकतो, उरलेल्याच्या सहा दशांश राहतो. निम्म्याचे सहा दशांश म्हणजे ०.३. थर थोडे मागेपुढे लागतात, हवेची भोकं असतात, ते धरून पाव. म्हणून ८४ ला ४ ने गुणा : ३३६ किलो. खरेदी करताना ४०० किलो मागा. हा आकडा कॉम्प्रेशन टेस्टचा (पेटी वरून चेपून बघण्याच्या चाचणीचा), बर्स्टिंगचा नव्हे.

बोर्डावरून अंदाज बांधायचं मॅकी यांचं १९६३ सालचं सूत्र आजही चालतं : कॉम्प्रेशन = ५.८७ × ईसीटी × (जाडी × परिमिती) यांचं वर्गमूळ. ईसीटी म्हणजे बोर्डाचा तुकडा उभा करून चेपायला लागणारं बळ. तुमच्या पेटीची परिमिती १.४ मीटर, पाच प्लायची जाडी ६.५ मिमी म्हणजे ०.००६५ मीटर. गुणाकाराचं वर्गमूळ ०.०९५४. ईसीटी मीटरला ५ किलोन्यूटन असेल तर उत्तर २.८ किलोन्यूटन, साधारण २८५ किलो. ईसीटी ७ असेल तर ४०० किलो. हे सूत्र साध्या चार पाकळ्यांच्या खोक्यासाठी आहे. डायवर पंच केलेल्या उघड्या ट्रेला ते तंतोतंत लागू होत नाही, म्हणून शेवटी पेटी यंत्रावर चेपूनच बघायची.

कागद वाढवण्याआधी रचना तपासा. खोक्याचा बहुतेक भार कोपरे पेलतात. कोपऱ्यावर कोपरा ठेवून सरळ खांब लावा. विटांसारखी सांधेबदल रचना घट्ट दिसते, पण जवळपास निम्मी ताकद घालवते. १२०० × १००० च्या पॅलेटवर ४०० × ३०० च्या दहा पेट्या बरोब्बर बसतात, म्हणून पॅलेट थोडंही लहान असलं तर पेटी बाहेर लोंबते. २५ मिमी बाहेर आली तरी तिसरा हिस्सा ताकद गेली समजा. हवेची भोकं कोपऱ्यापासून निदान ५० मिमी दूर. सगळ्यात घातक चूक म्हणजे थंड पेट्या दुपारच्या हवेत तासभर उघड्या ठेवणं. पुठ्ठ्यावर दव धरतं आणि आधीचं सगळं गणित वाया जातं.

पुरवठादाराला दोन गोष्टी लेखी विचारा : बाहेरच्या लायनरचा कॉब ३० च्या आत आहे का, म्हणजे ६० सेकंदांत चौरस मीटरला ३० ग्रॅमपेक्षा कमी पाणी शोषतो का; आणि खळीत ओल सहन करणारं रेझीन आहे का. साध्या स्टार्चच्या खळीने चिकटवलेली पेटी कोल्ड स्टोरेजमध्ये महिना काढेल, अशी आशा बाळगू नये.

प्रश्न (दिंडोरी) : वाइनच्या १२ बाटल्यांच्या खोक्यात आतली जाळी किती प्लायची हवी?

तीन प्लाय पुरते. ७५० मिलीची भरलेली बाटली सव्वा किलोच्या आसपास, जाड काचेची असेल तर त्याहून जास्त. म्हणजे खोकं १५-१६ किलोचं. जाळीची उंची बाटलीच्या खांद्याच्या वर यायला हवी, नाहीतर बाटल्या मानेशी आपटतात. फ्लूट उभे हवेत. घर बाटलीपेक्षा २-३ मिमीच मोठं. जास्त सैल ठेवलं तर लेबल घासून खराब होतं आणि तक्रार तुमच्याकडे येते.

प्रश्न (सातपूर) : आम्ही खोकी विकत घेतो. तीन पुरवठादारांचे दर तीन तऱ्हेचे. कोण बरोबर, हे कसं ओळखायचं?

आधी खोक्याचं वजन स्वतः काढा. आतून ४०० × ३०० × २५० मिमीचं, पाच प्लायचं खोकं घेऊ. शीटची लांबी : (४०० + ३००) × २ = १४००, क्रीजसाठी २०, जोडपट्टीला ३५; एकूण १४५५. रुंदी : ३०० + २५० = ५५०, क्रीजला १५ आणि कडा कापायला १५; एकूण ५८०. क्षेत्रफळ ०.८४४ चौरस मीटर. कागद बाहेरून आत १५०, १२०, १२०, १२०, १५० जीएसएम. फ्लूटचा कागद नागमोडी असल्याने साधारण १.४ पट लागतो : १५० + १६८ + १२० + १६८ + १५० = ७५६ ग्रॅम. म्हणजे खोक्याला ६३८ ग्रॅम कागद. वर खळ, कात्रण, मजुरी, छपाई, वाहतूक. ज्याचा दर या कागदाच्या किमतीच्याच आसपास आहे, तो कागदात कापणार हे उघड आहे.

कुठे कापणार? आतल्या तीन प्लायमध्ये. १२० च्या जागी १०८ चा कागद घातला तर खोक्यामागे ३८ ग्रॅम वाचतात, डोळ्याला काही दिसत नाही. दहा हजार खोक्यांमागे ३८० किलो कागद होतो.

तपासणी घरगुती आहे. खोक्याच्या सपाट भागातून, क्रीज आणि छपाई टाळून, १० × १० सेंमीचा चौकोन धारदार ब्लेडने कापा. कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवा. खळ सुटली की प्लाय एकेक करून अलगद वेगळे करा, खळ बोटाने धुऊन टाका, आणि उन्हात किंवा पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. मग ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोला. ग्रॅमला १०० ने गुणलं की जीएसएम : १.५० ग्रॅम म्हणजे १५०. फ्लूटचा कागद सरळ करून त्याची लांबी मोजा. १४ सेंमी भरली तर १.४ पट बरोबर आहे, आणि जीएसएम काढताना वजनाला १.४ ने भागायचं. पाच टक्के इकडेतिकडे चालतं. सलग पाच नमुने कमीच भरले तर तो योगायोग नाही.

बर्स्टिंगचंही एक गणित वादाचं आहे. कागदाचं बर्स्टिंग = जीएसएम × बीएफ ÷ १०००. १५० जीएसएम, २० बीएफ म्हणजे ३.०. १२० जीएसएम, १६ बीएफ म्हणजे १.९२. दोन बाहेरचे लायनर ६.०, मधला १.९२, आणि फ्लूट निम्मे धरले तर दोन मिळून १.९२, बोर्डाचं बर्स्टिंग ९.८४. फ्लूट पूर्ण धरणारा पुरवठादार तेच ११.७६ सांगेल. म्हणून खरेदीच्या ऑर्डरवर बर्स्टिंगचा एकच आकडा लिहू नका. पाचही प्लायचे जीएसएम-बीएफ आणि खोक्याचं कॉम्प्रेशन लिहा.

प्रश्न (अंबड) : विक्री वाढली, पण हातात पैसा उरत नाही. जीएसटीमुळे असं होतंय का?

एक मोठं कारण तेच. कोरुगेटेड खोक्यांवर २०१७ ला १२ टक्के होते, १ ऑक्टोबर २०२१ पासून १८, १५ जुलै २०२४ पासून पुन्हा १२ आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के. त्याच वेळी क्राफ्ट कागद मात्र १८ टक्क्यांवर गेला. महिन्याला ७० लाखांचा कागद घेतला तर १२ लाख ६० हजार कर भरला; एक कोटीची खोकी विकली तर ५ लाख वसूल झाला. फरकाचे ७ लाख ६० हजार पोर्टलवर साठतात. विक्री दुप्पट झाली की हा आकडाही दुप्पट. ज्याला वाढ म्हणता, ती आधी इथे पैसे खाते.

उलट्या कररचनेचा (कच्च्या मालावर जास्त, तयार मालावर कमी कर) परतावा आरएफडी-०१ अर्जाने मागता येतो. तो दरमहा मागा, वर्षअखेरीस एकदम नको. मात्र तो कागद, खळ, शाई, तार अशा मालावरच्या करापुरता मिळतो. मशीनवरचा आणि वाहतूक, दुरुस्ती अशा सेवांवरचा कर यात येत नाही. म्हणजे नवीन मशीन घेताना त्यावरचा जीएसटी लवकर वळता होईल असं प्रकल्प-अहवालात लिहिलं असेल तर ते खोडा.

कागदाच्या भावाची उसळीही लक्षात ठेवा. आपला क्राफ्ट बहुतांश रद्दीतून बनतो आणि त्यातली बरीच आयात होते. चीनने २०१८ पासून मिश्र रद्दी आणि २०२१ पासून सगळीच रद्दी घेणं थांबवलं. तिकडच्या गिरण्यांना लगदा हवाच होता, तो आपल्याकडून रिळांच्या रूपात जाऊ लागला आणि २०२०-२१ मध्ये इथे कागद कडाडला. ज्यांनी ग्राहकाशी वर्षभराचा दर बांधला होता ते तेव्हा बुडाले. दर बांधायचाच असेल तर खोक्याचं वजन बांधा आणि कागदाचा भाव कागद गिरणीच्या दराला जोडा, तीन महिन्यांनी फेरआढावा.

उधारीबद्दल : सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असेल तर लेखी करार असूनही ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत ग्राहकाला घेता येत नाही, करार नसेल तर १५ दिवस. मुदतीत पैसे दिले नाहीत तर त्या वर्षी तो खर्च त्याला प्राप्तिकरात धरता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा. मार्च महिन्यात त्याचा परिणाम दिसतो.

प्रश्न (गोंदे) : मोठी कंपनी टेस्ट रिपोर्टशिवाय माल घेत नाही. कोणती उपकरणं आधी घ्यावीत?

आधी जीएसएमचा गोल कटर, ०.०१ ग्रॅमचा काटा आणि ओलमापक. हे तिन्ही मिळून सगळ्यात स्वस्त आणि रोज उपयोगी. मग बर्स्टिंग टेस्टर, कारण अजूनही बहुतेक ग्राहक तोच आकडा विचारतात. तिसऱ्या पायरीला कॉब आणि ईसीटी. कॉम्प्रेशन टेस्टर शेवटी; तोवर बाहेरच्या प्रयोगशाळेतून करून घेता येईल.

दोन गोष्टींत चूक होते. बर्स्टिंगच्या मशीनमधला रबरी पडदा कडक होतो आणि आकडा फुगतो. कॅलिब्रेशनच्या फॉइलने दर महिन्याला तपासा. दुसरं, नमुना कुठल्या हवेत ठेवून तपासला हे रिपोर्टवर लिहा. भारतीय मानकात २७ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता धरतात, आंतरराष्ट्रीय मानकात २३ अंश आणि ५० टक्के. कोरड्या हवेत तपासलेला बोर्ड जास्त भरतो. तुमचा रिपोर्ट पहिल्या हवेतला आणि ग्राहकाच्या प्रयोगशाळेचा दुसऱ्या हवेतला असेल, तर एकच खोकं दोन आकडे देईल आणि तरीही दोघंही बरोबर असतील.